प्रकल्प नोंदी: पेरणीच्या तोंडावर विकायला निघालेल्या तीन जुन्या गाड्या

३ मे २०२५

शेडमध्ये तीन मोटारसायकली उतरल्या, तिन्ही आर्वी तालुक्यातल्या आणि तिन्ही विकायच्या. येझ्दी २५०, पहिली नोंदणी १९७५, अर्धी उघडलेली आणि बाकी तीन पोत्यांत. बुलेट ३५० कास्ट आयर्न, १९९६, चालू होती म्हणतात. राजदूत १७५, कागद नाहीत.

मे महिन्यात अशा गाड्या निघतात हे ठरलेलंच आहे. सरकीची पाकिटं आणि खत घ्यायचं असतं, सोसायटीच्या कर्जाचं जुनं-नवं करायचं असतं, आणि घरात विकण्यासारखी न लागणारी वस्तू एकच असते. पण पैशाची निकड हे निमित्त. गाडी खरी अडते ती त्याच्या आधी दोन-तीन वर्षं. येझ्दीच्या पोत्यांकडे बघितलं की ते कळतं: टाकी आणि मडगार्ड नवीन रंगाचे, रिमला नवा क्रोम, आणि इंजिन खोक्यात उघडं पडलेलं. म्हणजे पैसे बाहेरून आत खर्च झाले. क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनच्या आतल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, येईतो संपले.

मालकांचं सांगणं एकच. जास्त खर्च नको, विकता येईल इतपत करा.

५ मे

पाना हातात घ्यायच्या आधी कागद. येझ्दीला १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर. आरसी पुस्तक आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, नंतर वडीलही वारले. आता दोन भाऊ आणि एक आत्या. आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नोंद दिसत नाही, म्हणजे आधी वर्धा आरटीओत बॅकलॉग एंट्री, जुन्या पुस्तकाची संगणकात नोंद. ती होत नाही तोवर बाकीचं काहीच सरकत नाही, उच्चसुरक्षा पाटीचं बुकिंगसुद्धा नाही. त्यानंतर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१. सरळ विक्री असती तर फॉर्म २९ आणि ३० वर भागलं असतं. इथे आधी गाडी जिवंत माणसाच्या नावावर यायला हवी.

गावाकडे जुनी गाडी अडते ती बहुतेक इथेच. सातबाऱ्यावर फेरफार करायला लोक तलाठ्याकडे खेटे घालतात. गाडीच्या पुस्तकाचा फेरफार मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. वाटणीत गाडी ‘धाकट्याकडे’ असते, कागदावर ती अजून आजोबांचीच.

चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा घेतला. फ्रेमच्या हँडलकडच्या टोकाजवळ नवा रंग जाड बसलाय, खाली पुट्टी. दोन आकडे वाचता येत नव्हते. थिनरच्या बोळ्याने रंग मऊ करून लाकडी काडीने खरवडला. ब्लेड, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांना इथे मज्जाव. आकड्यावर ताजी ओरखड दिसली तर तपासणीत ‘ठसा बदललेला’ असा शेरा येऊ शकतो आणि गाडी जन्मभरासाठी अडकते. आकडे पूर्ण निघाले, पुस्तकाशी जुळले. फ्रेम सँडब्लास्टला किंवा पावडर कोटिंगला देताना नंबरवर जाड टेप आणि त्यावर ग्रीस, एवढं सांगून देणं मालकाचं काम आहे. ब्लास्टिंगवाला ते स्वतःहून करत नाही.

बुलेट: पुस्तक, इंजिन नंबर, चेसिस नंबर, सगळं जुळतं. नूतनीकरण २०२६ पर्यंत. लिलावातलं इंजिन बसवलेल्या बुलेट या भागात बऱ्याच, म्हणून हे पहिलं बघायचं.

राजदूतचं पुस्तक हरवलेलं, नंबर कुणाला आठवत नाही. ‘दुसऱ्या भंगार राजदूतचं पुस्तक लावून देतो’ म्हणणारा एजंट हमखास भेटतो. तो गुन्हा आहे. ते काम इथे होत नाही.

९ मे

येझ्दीची पोती सतरंजीवर ओतली. उघडलेली गाडी घेणाऱ्याने पहिल्या दिवशी हेच करावं: फ्रेमच्या भोवती प्रत्येक भाग त्याच्या जागी मांडायचा आणि जे नाही त्याची यादी करायची. पोत्यात काय आहे ते बघून माणूस खूश होतो. पैसे मात्र नसलेल्या भागांना लागतात.

नाही ते असं: क्लच लिव्हरच्या आतला कॅम, किकचा स्प्रिंग, डायनॅमोचे कार्बन, एका सायलेन्सरची आतली जाळी, प्रायमरी कव्हरचे तीन स्क्रू. यातला कॅम महत्त्वाचा. या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच, आणि गिअर टाकताना तोच दांडा क्लच थोडा सोडतो. कॅम झिजलेला असेल किंवा चुकीचा बसला असेल तर गिअर पडताना करकर होते. मग गिअरबॉक्स गेला असं समजून लोक चांगला गिअरबॉक्स उघडतात.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर. आत कापूसच कापूस, वायरिंगचे तुकडे. कापूस घरात साठवायचा, चांगल्या दराची वाट बघायची आणि त्याच खोलीत गाडी उभी ठेवायची, की हे होणारच. कापसाच्या ढिगाजवळ पेट्रोलची टाकी हा धोका वेगळा. मालकाच्या घरून गाडी निघाली तीही याच कारणाने. धाकटा भाऊ म्हणाला, ‘यंदा कापूस ठेवाले जागा नाही जी, घेऊन जा.’

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक कुंभारमाशीने मातीने बुजवलेलं. असं असलं की गाडी दोन-तीन किलोमीटर चालते आणि बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा चालते. कार्बोरेटर खोलण्याआधी तारेने ते भोक साफ करून बघावं.

१४ मे

क्रँक. येझ्दीच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या बेअरिंगला, उभा प्ले (ढिलेपणा) आहे. कनेक्टिंग रॉड पिस्टनच्या टोकाकडून धरून सरळ वर-खाली ओढायचा. कट्ट असं जाणवलं तर बेअरिंग गेलं. आडवा, म्हणजे बाजूला सरकणारा प्ले थोडा असतोच, त्याला घाबरायचं नाही. पुष्कळ जण आडवा प्ले बघून चांगला क्रँक उघडतात आणि उभा न बघता खराब क्रँक बसवतात.

डाव्या टोकाच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) हातोडीचे घाव. प्रायमरीचं स्प्रोकेट पुलरने न काढता ठोकून काढलेलं. उजवीकडे डायनॅमोचा आर्मेचरही टेपरवर बसतो, त्यालाही काढायला बोल्ट लागतो. ठोकून काढला की क्रँक वाकतो, आर्मेचर आतल्या गुंडाळीला घासतो आणि मग ‘चार्जिंग होत नाही’ म्हणून डायनॅमो बदलला जातो.

रॉड किट मैसूरच्या पार्टवाल्याकडून मागवली. येझ्दी मैसूरची, आयडियल जावाने तिथे १९६१ पासून जावा बनवल्या, १९७३ पासून येझ्दी नावाने, १९९६ ला कारखाना बंद. जुने भाग अजून तिथे निघतात. बुलेटच्या भागांसाठी दिल्लीचं करोलबाग, पुण्यात नाना पेठ. नागपूरला रोजचं सगळं मिळतं, पण क्रँक पिनच्या दर्जाबद्दल दुकानदारही खात्री देत नाहीत. डब्यावर नाव काहीही असो, पिनला कानस लावून बघायची. कानस घसरली तर ठीक, खाल्ली तर परत.

प्रेसचं आणि ट्रूइंगचं, म्हणजे क्रँक सरळ एका रेषेत आणायचं, काम नागपूरला दिलं. सांगून दिलं: दोन सेंटरमध्ये फिरवून दोन्ही टोकांना डायल गेजवर ०.०३ मिलिमीटरच्या आत पाहिजे. ‘डोळ्याने बघून सेंटर केलं’ हे चालणार नाही. तालुक्याच्या गावात हे काम करणारे लेथवाले होते, त्यातले बरेच थकले, काहींनी लेथ विकले. नवीन पोरं इंजेक्शनच्या गाड्यांत हुशार आहेत, पण पॉइंटला (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्टला) गेज लावायला त्यांना कुणी शिकवलंच नाही. गाडी विकण्याच्या कारणांत लोक हे बोलून दाखवत नाहीत, तरी ते मोठं आहे. मेकॅनिक गेला की गाडीही मागोमाग गोठ्यात जाते.

२२ मे

टाकी. येझ्दीच्या टाकीला बाहेरून नवा रंग आणि क्रोम, आतून गंज. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून उभ्या टाक्यांचं हे वाढलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळाभर अर्धी भरलेली टाकी उभी राहिली की पाणी खाली बसतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळलेलं असेल तर मिश्रणही फाटतं. जुन्या कॉकचे आणि कार्बोरेटरचे रबर फुगतात. नवीन रबर इथेनॉल चालणारं आहे का ते विचारून घ्यावं.

रंग वाचवायचा म्हणून ॲसिड नको, गंज विजेने काढायचा. धुण्याचा सोडा, चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा. टाकी काठोकाठ भरायची, नाहीतर पाण्याच्या वरच्या भागात गंज तसाच राहतो. झाकणातून साधी लोखंडी सळई आत लटकवायची, टाकीला कुठेही न टेकता. सळईला बॅटरी चार्जरची धन तार, टाकीला ऋण. उलटं जोडलं तर टाकीच झिजते. स्टेनलेसची सळई वापरायची नाही, त्यातून विषारी क्षार सुटतात. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर, जवळ बिडी नको. सळई अधूनमधून काढून घासायची.

पाणी ओतून टाकल्याबरोबर टाकी उन्हात, आणि सुकली की लगेच टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवायचं. मे महिन्याच्या आर्वीच्या उन्हात टाकी लवकर सुकते, ही एक सोय. आतून लेप मारायचा स्वस्त सीलर टाळला. इथेनॉलने तो सुटतो आणि पापुद्रे कॉकमध्ये अडकतात.

६ जून

बुलेट. पाऊस अजून नाही, पण वावरात काकऱ्या पाडून झाल्या. मालक रोज विचारतो, विकली का.

गाडी दीड वर्ष उभी, किक दगडासारखी. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या हवेच्या नळीतून, ऑइल टपकतं. इंजिन गेलं असा मालकाचा समज, आणि त्याच समजावर त्याने किंमत खाली सांगितली होती. प्रत्यक्षात ऑइल टाकीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरलंय, क्रँक त्यात बुडालाय. खालचा ड्रेन बोल्ट काढला, वाटीभर नाही, चांगलं डबाभर काळं ऑइल निघालं. नवं २०डब्ल्यू५० भरलं. किक सुटली. महिनोन्महिने उभी राहणाऱ्या बुलेटला हे होतंच, त्यावरून इंजिन उघडायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा चालवली तर हा त्रास नाही.

पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या): थंड इंजिनवर, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दोन्ही रॉड दोन बोटांनी सहज फिरले पाहिजेत आणि वर-खाली अजिबात हलता कामा नयेत. गॅप नाहीच. एक्झॉस्टचा घट्ट होता, सैल केला. ॲडजस्टरचे आटे नाजूक, दोन पाने धरूनच काम.

पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, टायमिंग (ठिणगीची वेळ) पिस्टन वर यायच्या ०.८ मिलिमीटर आधी. पॉइंट नेमके कधी उघडतात ते सिगारेटच्या कागदावर कळतं, कागद सुटला तो क्षण. टायमिंग पुढे सरकवणाऱ्या ॲडव्हान्सचे स्प्रिंग सैल होते, म्हणून गाडी स्लोवर थांबत नव्हती. स्प्रिंग बदलले.

चालू झाल्यावर हेडवर जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट अर्धा आटा सैल करून बघितला. ऑइल पाझरलं म्हणजे पंप ठीक.

या बुलेटमध्ये विकण्यासारखा दोष काही नाही. मालकाचं वय आणि गुडघा, एवढंच. अँपिअरमीटरची सुई मध्ये आणायची, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडायचा खटका) दाबून किक थोडी पुढे सरकवायची आणि मग किक, हे त्याला येतं, पण पाय साथ देत नाही. मुलं डाव्या पायाने गिअर टाकायला शिकलेली. उजवीकडे गिअर आणि डावीकडे ब्रेक असलेल्या गाडीवर घाईत पाय चुकतो, आणि रस्त्यावर ढोरं आडवी आली की तो चुकलेला पाय महागात पडतो. मुलांना ही गाडी देऊ नये हा मालकाचा निर्णय बरोबर वाटतो.

१९ जून

बुलेट गेली. यवतमाळकडचा घेणारा, कागद एका बैठकीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊनच चावी दिली. कोरे सह्या केलेले फॉर्म देऊन मोकळं होण्याची पद्धत इकडे आहे, ती मोडावी. नावावर होईतो अपघाताची जबाबदारी जुन्या मालकाच्या मागे येऊ शकते.

राजदूतचे भाग घ्यायला कुणी नाही. एके काळी दुधाचे कॅन वाहणारी गाडी, हौसेने उभी करणारे थोडे, त्यातही कागद नसलेली. तशीच ताडपत्रीखाली.

८ जुलै

येझ्दी बांधायला घेतली. क्रँक आला, गेजवर मापात. सिलिंडर मोजला: मूळ बोअर ६५, आता आधीच दोनदा वाढवलेला. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात. पुढच्या साईझमध्ये बोअर आणि होनिंग. रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधला गॅप मोजला, साधारण पाव मिलिमीटर पाहिजे तसा आहे. पोर्टच्या कडा होनिंगनंतर धारदार राहतात, बारीक एमरीने मोडल्या, नाहीतर रिंग अडकते.

दोन्ही ऑइल सील नवीन. टू-स्ट्रोकचा अर्धा आजार सीलमध्ये असतो. प्रायमरीच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होतं. डायनॅमोच्या बाजूचा गेला तर हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते आणि एक दिवस पिस्टन चिकटतो.

इंजिन फ्रेममध्ये टाकायच्या आधी गळती तपासली. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची बाजू रबर लावून बंद, पिस्टन खाली म्हणजे पोर्ट उघडे, प्लगच्या जागी नळी. पंप आणि घड्याळ रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचं. २५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत दाब भरायचा, म्हणजे साधारण ५ पीएसआय, आणि पाच मिनिटं बघायचं. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधायचा. सिलिंडरच्या बुडाशी निघाला. पॅकिंग बदललं, नट कोपऱ्या-कोपऱ्याने आवळले, मग काटा ठरला.

डायनॅमो: कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) लेथवर हलकाच घेतला, पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खाली केला, कार्बन नवे. ६ व्होल्टच राहू दिलं. १२ व्होल्टचं किट बसवून विकण्याचा मोह होतो, पण मूळ गाडी शोधणारा गिऱ्हाईक त्यावर किंमत पाडतो.

सायलेन्सरच्या जाळ्यांत कार्बन दगडासारखा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला ते पाणी लागू द्यायचं नाही.

२ ऑगस्ट

चालू. पॉइंट ०.४, गिअरबॉक्समध्ये एक लिटर ऑइल. पहिल्या टाकीला लिटरमागे ५० मिली टू-स्ट्रोक ऑइल, नंतर ३० ते ४०. पहिले काही दिवस रस्ता सपाट, मध्येमध्ये थ्रॉटल सोडायचा, इंजिन गार होऊ द्यायचं.

रिमच्या क्रोमला स्पोकच्या भोकांभोवती फोड आले. खाली तांब्याचा थर न देता सरळ निकेल-क्रोम मारलेला. पावसात चिखलातून गेली की एका हंगामात असं दिसतं. रंगासाठी आणि क्रोमसाठी आधी जेवढे गेले त्यात रॉड किट, पिस्टन, बोअर आणि सील सगळं बसलं असतं, वर काही उरलं असतं. आधी इंजिन झालं असतं तर गाडी बहुधा विकायलाच निघाली नसती. चालती गाडी माणूस गंजलेल्या टाकीनेही वापरतो.

२५ ऑगस्ट

पोळा झाला. आरटीओच्या शुल्कात बदल: २० वर्षांवरच्या मोटारसायकलचं नोंदणी नूतनीकरण आता २,००० रुपये. २०२२ च्या एप्रिलपर्यंत ते ३०० होतं, नंतर १५ वर्षांवरच्या गाडीला १,००० झालं. उशीर झाला तर दर महिन्याला ३०० वेगळे, म्हणजे तीन वर्षं विसरलेल्या गाडीला १०,८०० नुसते उशिराचे. पर्यावरण कर त्याशिवाय. गोठ्यातल्या गाडीचे कागद संपले तरी मीटर चालूच असतं. जुन्या गाड्यांच्या सौद्यात हा आकडा आधी काढावा.

येझ्दीच्या वारसांना कुणीतरी सांगितलं की ५० वर्षं झाली, आता ‘व्हिंटेज’ म्हणून लाखात जाईल. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळते हे खरं. तिचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. पण त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आर्वीच्या बाजाराला जायला साधी नोंदणीच ठेवावी. बॅकलॉग एंट्री झाली, फॉर्म ३१ आत गेला. आत्याची सही पुसदहून यायची आहे, तिथेच अडलंय.

२६ सप्टेंबर

जीएसटी २२ तारखेपासून बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर २८ चा १८ टक्के झाला. नवी बुलेट ३५० स्वस्त, बटणाने चालू, गिअर डावीकडे, आणि बँक कर्ज देते. जुन्या गाडीला बँक दारात उभं करत नाही, तिथे सगळे पैसे रोख मोजावे लागतात. जूनमध्ये बुलेट विकली ते मालकाच्या पथ्यावर पडलं. आज तो भाव आला नसता.

त्यामुळे चांगल्या चालत्या गाड्यांपेक्षा अर्धवट उघडलेल्या गाड्यांना जास्त फटका बसेल असं दिसतं. चालत्या जुन्या बुलेटचं गिऱ्हाईक आवाजासाठी येतं आणि येत राहील. पोत्यातली गाडी घेणारा मात्र हिशेब करतो.

१७ ऑक्टोबर

आत्याची सही आली, येझ्दी धाकट्याच्या नावावर झाली आणि तिथून विकलीही गेली. घेणाऱ्याने फोड आलेल्या रिमकडे बघितलंसुद्धा नाही. रॉड वर-खाली ओढून बघता येत नाही म्हणून क्रँकच्या कामाची पावती आणि गेजच्या आकड्यांचा कागद मागितला, चेसिसचा ठसा स्वतः घेतला, थंड इंजिनवर किक मारली आणि डायनॅमोच्या बाजूला कान लावला. भाव फार ताणला नाही.

राजदूत अजून ताडपत्रीखाली. मालकाला वर्ध्याला पाठवलं आहे, चेसिस नंबरवरून जुन्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते का बघायला. सापडली तर दुय्यम पुस्तक निघेल, नाहीतर अधिकृत स्क्रॅप केंद्र.

देवळीहून यामाहा आरएक्स १०० साठी फोन. इंजिन उघडून ठेवलंय, टाकी रंगवायला दिली आहे म्हणे. रंग थांबवायला सांगितला आणि आरसीचा फोटो मागवला.